घोड्याच्या पायाची शीर : डागापासून सुईपर्यंत



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की श्रोते बोनस, महागाई आणि संप यांवर चार शब्द ऐकण्याच्या तयारीने बसतात. आज आम्ही त्यांची थोडी निराशा करणार आहोत. आम्ही बोलणार आहोत घोड्याच्या पायावर. आणि त्यातही त्या पायातल्या एका शिरेवर. ती शीर दुखावली म्हणजे माणसाने आजवर काय काय उपाय केले, तापलेल्या सळईपासून आजच्या सुईपर्यंत तो कसा आला, आणि या सगळ्या उपायांत खरे औषध कोणते ठरले, हा आजचा विषय आहे.

आम्ही पशुवैद्य नाही. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक ग्रंथालयात, युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर ताटकळत. मग हा विषय आम्हांला कोठून सुचला? त्याचे मूळ आमच्या लहानपणात आहे. ते आधी सांगतो. कारण इतिहास सांगणाऱ्याने आपण कोठे उभे राहून बोलतो हे सांगितलेले बरे.

गोष्ट १९८४ सालच्या उन्हाळ्यातली. वर्धा स्टेशनासमोर त्या वेळी टांगे उभे असत. आमचे वडील हमाली करीत, आणि शाळेला सुटी लागली की आम्ही तेथल्या एका टांगेवाल्या चाचांच्या हाताखाली राबत असू. तोबरा भरावा, खरारा करावा, हौदावर नेऊन पाणी पाजावे, असे आमचे काम. चाचांची घोडी होती बिजली नावाची. लग्नसराईचे दिवस होते. स्टेशनावरून वऱ्हाड, त्यांच्या ट्रंका, वळकट्या, पितळी भांडी असे भरून चाचा दिवसाला किती फेऱ्या करीत, याचा हिशेब त्यांनाही नसे. एका संध्याकाळी बिजली उजवा पुढचा पाय जपून टाकू लागली. चाचांनी नळीच्या मागे हात लावला. तेथे धनुष्यासारखा बाक आला होता, आणि जागा तव्यासारखी तापली होती.

चाचांनी गार पाणी मारले, मुलतानी मातीचा लेप दिला आणि दोन दिवस घोडी उभी ठेवली. तिसऱ्या दिवशी घरातले पीठ संपले. चौथ्या दिवशी जनावरांना सुया देत सायकलवर हिंडणारा एक मनुष्य आला. चाचा म्हणाले, "बेटा, पाय धर." आम्ही पाय धरला. सुजलेल्या जागीच सुई गेली. तो मनुष्य म्हणाला, "उद्या जुंपा." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी बिजली सरळ चालली! आम्हांला तो मनुष्य देवासारखा वाटला. पुढे आणखी दोन वेळा त्याची सुई झाली. मृगाच्या तोंडाशी, सेवाग्रामच्या रस्त्यावर भरला टांगा ओढताना बिजलीचा तो पाय खचला. खुरावरचा सांधा जवळजवळ जमिनीला टेकला. ती पुन्हा टांग्याला लागली नाही. महिन्याभरात टांगा विकला गेला, आणि चाचा सायकलरिक्षा ओढू लागले. घोडीच्या जागी माणूस आला, एवढाच फरक.

त्या सुईने असे का झाले, हे समजून घ्यावयास आम्हांला पुढे बरीच वर्षे लागली. जे कळले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम त्या शिरेची ओळख करून घेऊ. आपल्या टाचेमागून वर पोटरीकडे जी जाड दोरी जाते, तिला आपल्याकडे घोडनस म्हणतात. शास्त्रीय भाषेत हिला कंडरा म्हणावे. स्नायू आखडतो, कंडरा ती ओढ हाडापर्यंत पोचविते. म्हणजे स्नायू हा बैल मानला, तर कंडरा हा मोटेचा नाडा. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली जवळजवळ स्नायू नाहीतच. नळीच्या मागे नुसत्या कंडरा उतरतात. त्यांतली एक कातडीलगत असते आणि दुसरी तिच्या आत, हाडाच्या बाजूला. दुखावते ती बहुधा कातडीलगतची. घोडा धावतो तेव्हा ही कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि साठवलेली ताकद परत देते. भरधाव दौडीत तिची लांबी शेकडा १६ च्या आसपास वाढल्याचे मोजले गेले आहे. आणि ती तुटण्याची मर्यादाही याहून फार दूर नाही. दौडीत कंडरेच्या गाभ्यातील उष्णता ४५ अंशांपर्यंत चढते, असे १९९४ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखविले. निसर्गाने घोड्याला वेग दिला, पण त्यासाठी हिशेबात सूट फार थोडी ठेवली.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कंडरा एका दिवसात तुटते असे आपल्याला वाटते; परंतु ती बहुधा हळूहळू झिजत आलेली असते. वाढ पुरी झालेल्या घोड्यात तिचे धागे नव्याने फारसे घडत नाहीत. रोजची झीज साचत जाते, आणि एके दिवशी एखादा खड्डा, एखादा चढ निमित्त होतो. जखम झाल्यावर शरीर ती भरून काढते, पण घाईने भरलेला धागा आखूड, अस्ताव्यस्त आणि ताठर असतो. जुन्या धाग्याची लवचिकता त्याला नसते. तो नीट ओळीत बसावयास नऊ महिने ते दीड वर्ष लागते. त्याआधी घोडा जुंपला की तीच जागा किंवा तिच्या शेजारची जागा पुन्हा फाटते. हे नऊ महिने ध्यानात ठेवा. आमचे सगळे भाषण या नऊ महिन्यांभोवतीच फिरणार आहे.

आता इतिहासाकडे वळू. आपल्याकडे घोड्याच्या वैद्यकाचा आद्य आचार्य शालिहोत्र. त्याच्या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला सालोत्री हा शब्द आला. नकुलाच्या नावावर अश्वशास्त्र आहे, जयदत्त सूरीचे अश्ववैद्यक आहे. लेप, शेक, रक्त काढणे आणि डाग देणे ही त्या काळच्या वैद्याची आयुधे. माणसांच्या बाबतीत सुश्रुतानेही त्वचा, मांस, शिरा, स्नायू, सांधे आणि हाडे यांच्या दुखण्यांत अग्निकर्म सांगितलेले आहे. अरबस्तानापासून युरोपपर्यंत घोड्याच्या पायाला डाग देण्याची चाल होती. एकमेकांपासून इतके दूर राहणारे लोक एकाच उपायावर का यावेत, हा प्रश्न मनात ठेवू. त्याचे उत्तर पुढे येईल.

मराठ्यांचा इतिहास हा घोड्याचा इतिहास आहे. भीमथडीची तट्टे तर राजा बढे यांच्या गीतातून, २०२३ साली राज्यगीत होऊन, आज शाळाशाळांतून पोचली आहेत. पण त्या तट्टांच्या पायांची काळजी कोण घेत असे? येथे शिलेदार आणि बारगीर यांतला भेद पाहिला पाहिजे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदाराचा घोडा लंगडला तर त्याची रोजी लंगडली. बारगिराचा घोडा लंगडला तर नुकसान सरकारचे. शिवाजी महाराजांनी पागेला शिलेदारांपेक्षा वरचढ ठेवले, असे सभासद लिहितो. याचा लष्करी अर्थ इतिहासकारांनी पुष्कळ सांगितला आहे. आम्हांला त्यातला मजुरीचा अर्थ दिसतो. ज्याला घोडा उभा ठेवणे परवडते, त्याच्याच हाती घोडा असला पाहिजे, हे त्या व्यवस्थेतून आपोआप साधले जात होते.

आणखी एक गोष्ट सभासदाने १६९७ साली लिहिलेल्या बखरीत आहे. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत यावे. घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे आणि राहण्याच्या जागा आधीच तयार ठेवाव्यात. दसरा झाला की मग कूच करावे. चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. दाणा आणि गवत आत्ताच उधळाल, तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, हा त्याचा आशय. आमच्या भाषेत सांगावयाचे तर हा वैरणीसह दिलेला चार महिन्यांचा विसावा होता! त्या विसाव्यात दरसाल किती शिरा आपोआप सांधल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. कारण न मोडलेल्या पायाची नोंद कोणत्याच दप्तरात होत नसते.

नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरला सीताबर्डीची लढाई झाली, पुढे १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि भोसल्यांच्या पागा संपल्या. १८६२ साली वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा झाला. १८६६ साली पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसविले गेले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. आमच्या जिल्ह्यात बैल मोठा. आर्वीकडची गवळाऊ जात चालीला इतकी चपळ, की प्रवासालाही लोक दमणी-छकड्याला बैलच जुंपीत. घोडा उरला तो साहेबाच्या बग्गीला आणि स्टेशनच्या टांग्याला. म्हणजे पागेतला घोडा गेला आणि रोजंदारीवरचा घोडा आला. पागेबरोबर त्याची छावणीही गेली. टांग्याच्या घोड्याला पावसाळा काय नि दसरा काय! गाडी आली की धावावयाचे.

त्याच सुमारास विलायती पशुवैद्यक आपल्याकडे रुजले. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. दिनशा पेटिट यांनी आपल्या पत्नीच्या, बाई साकरबाई यांच्या नावाने उभारलेल्या जनावरांच्या इस्पितळाला लागूनच ते होते. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. विदर्भाला मात्र आपले महाविद्यालय मिळावयास १९५८ साल उजाडावे लागले, ते नागपूरचे.

त्या काळातल्या विलायती वैद्यकात शिरेवरचा थोर उपाय कोणता? तोच, डाग! घोडा बांधावयाचा, पायावरचे केस काढावयाचे आणि लाल झालेल्या लोखंडाने नळीवर आडव्या रेघा ओढावयाच्या, किंवा टोकदार सळईने ठिपके द्यावयाचे. काही जण वर पाऱ्याचे जळजळीत मलम चोळीत, म्हणजे फोड येऊन जागा आणखी पेटावी. यामागचा तर्क असा, की जुनाट सूज मंद असते. तिच्यावर नवी, तीव्र सूज आणली की रक्त धावून येते आणि शीर सांधते. आपल्याकडे मुरगळलेल्या पायाला बिब्बा लावणाऱ्या आजीचा तर्क याहून निराळा नव्हता. आजीला नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणि गंमत अशी, की डाग दिलेले पुष्कळ घोडे खरोखरच बरे होत. यात खोटे काही नव्हते. मग बरे कशाने होत? डाग दिलेला घोडा कोणी दुसऱ्या दिवशी जुंपीत नसे. त्या जखमाच अशा असत, की मालकाला कितीही घाई असली तरी घोडा महिनोन्‌महिने कुरणात सोडावा लागे. शीर बरी करीत होते ते कुरण. नाव मात्र लोखंडाचे होत होते. हेच ते मघाचे उत्तर. दूरदूरचे लोक एकाच उपायावर आले, कारण मालकाचा लोभ सगळीकडे सारखाच होता, आणि त्या लोभाला काही महिने बांधून ठेवणारा दोर म्हणून तापलेली सळई सगळीकडे उपयोगी पडली. दुःख एवढेच, की दोर मालकाला बांधावयाचा आणि चटका घोड्याने सोसावयाचा.

हे नुसते आमचे अनुमान नव्हे. इंग्लंडातल्या ब्रिस्टल विद्यापीठात इयान सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घोड्यांच्या शिरांवर अनेक वर्षे प्रयोग केले आणि १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला, की डागाने शीर लवकर किंवा चांगली सांधत नाही. उलट ठिपक्यांच्या डागाने ती अधिकच बिघडते. १९९१ साली तिकडच्या पशुवैद्यांच्या शिखर संस्थेने डागाचे समर्थन होऊ शकत नाही असे जाहीर केले. हजारो वर्षांची चाल अशी संपत आली. ज्या साली आम्ही बिजलीचा पाय धरला, त्याच्या एकच वर्ष आधी ब्रिस्टलचा निकाल लागला होता.

मग सुईची पाळी आली. कातडीखाली औषध सोडणारी पिचकारी १८५३ च्या सुमारास स्कॉटलंडात वुड यांनी आणि फ्रान्सात प्रावाझ यांनी प्रचारात आणली. पण शिरेच्या दुखण्यात सुईचे राज्य सुरू झाले ते कॉर्टिझोनपासून. १९४९ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या हेंच यांनी जाहीर केले, की सांधेदुखीने अंथरुणाला खिळलेली माणसे या औषधाने उठून चालू लागली. १९५० साली त्यांना व त्यांच्या दोन सहशोधकांना नोबेल पारितोषिक मिळाले. थोड्याच वर्षांत हे औषध आणि त्याची भावंडे घोड्यांच्या सांध्यांत टोचली जाऊ लागली. त्याच सुमारास फिनाइलब्युटाझोन नावाचे वेदनाशामकही आले.

ही औषधे वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. योग्य हातात, योग्य जागी, योग्य मापाने ती मोठे काम करतात. परंतु कॉर्टिझोनच्या कुळातील औषध सूज मारते ते शरीराची दुरुस्तीची यंत्रणा दडपून. सूज म्हणजे आग खरी, पण तीच दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची हाळीही असते. हे औषध फाटलेल्या कंडरेतच टोचले, तर नवा धागा घडण्याचे काम रेंगाळते, धागा कमकुवत होतो, कधी त्यात चुना साठून ती कडक होते. आणि वेदना तर थांबलेली असते! वेदना हा घोड्याचा एकमेव संप आहे. घोड्याला अर्ज करता येत नाही, घोषणा देता येत नाही. पाय उचलून धरणे एवढेच त्याच्या हाती. सुईने तो संप मोडला आणि ताबा पुन्हा मालकाकडे गेला. बिजली दुसऱ्या दिवशी सरळ चालली ती बरी झाली म्हणून नव्हे. तिची तक्रार बंद पाडली गेली म्हणून.

हे फक्त गरिबांच्या टांग्यात घडते असे समजू नका. १९६८ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतल्या केंटकी डर्बीत डान्सर्स इमेज नावाचा घोडा पहिला आला. त्याचे पुढचे पाय खुरावरच्या सांध्यात दुखरे होते. शर्यतीनंतर त्याच्या लघवीत फिनाइलब्युटाझोन सापडले, आणि पहिल्या क्रमांकाचे बक्षीस फॉरवर्ड पास नावाच्या दुसऱ्या घोड्याकडे गेले. खटला वर्षानुवर्षे चालला. एवढी मोठी शर्यत, एवढे धनाढ्य मालक. पण प्रश्न वर्धा स्टेशनासमोरचाच होता. उद्या जुंपावयाचे आहे, मग आज काय टोचावयाचे?

पुढे शास्त्राने नुसती वेदना न दडपता धागाच चांगला घडावा असे प्रयत्न केले. त्यांतला एक आम्हां वैदर्भीयांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. आपल्या पूर्व विदर्भात लाखोळी पिकते. तिची डाळ महिनोन्‌महिने हेच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. मध्य प्रदेशातल्या रेवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य दिले जाई. १९६१ साली देशात तिच्या विक्रीवर बंदीचा नियम झाला. महाराष्ट्राने ती बंदी २००८ साली उठविली. या लाखोळीची एक सुवासिक फुलांची बहीण बागांतून लावतात. तिच्या बियांत निराळेच विष असते. ते शरीरातल्या तंतूंना एकमेकांशी घट्ट जखडू देत नाही. शास्त्रज्ञांना वाटले, हे तर आपल्या कामाचे! नवा धागा अस्ताव्यस्त असतानाच जखडला जातो हाच दोष ना? मग त्याला थोडा वेळ जखडू द्यावयाचे नाही, तोवर घोडा हळूहळू चालवावयाचा, आणि धागे ओळीत आले की टोचणे थांबवावयाचे. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत हे औषध दुखऱ्या शिरेत टोचले जाऊ लागले. कल्पना सुंदर होती, पण ते बाजारात टिकले नाही. इंग्लंडमधल्या स्यू डायसन यांनी १९९२ ते २००० या काळातील २१९ घोड्यांचा ताळा घेऊन २००४ साली दाखविले, की निरनिराळ्या टोचण्या आणि शिस्तीने वाढविलेला नुसता व्यायाम यांत पाय पुन्हा दुखावण्याच्या बाबतीत ठळक फरक पडत नव्हता.

सर्वांत अलीकडचा उपाय मूळपेशींचा. घोड्याच्या छातीच्या हाडातून मगज काढावयाचा, प्रयोगशाळेत दोन-तीन आठवडे त्यातल्या मूळपेशी वाढवावयाच्या, आणि ध्वनिलहरींच्या यंत्रावर शिरेतली पोकळी प्रत्यक्ष पाहत त्या तेथे सोडावयाच्या. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजातील रॉजर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली याची पहिली हकीगत दिली. २०१२ साली शर्यतीतल्या ११३ घोड्यांचा निकाल आला. पाय पुन्हा दुखावण्याचे प्रमाण शेकडा २७ च्या आसपास राहिले. अशाच घोड्यांत इतर उपचारांनंतर ते पूर्वी निम्म्याहून अधिक नोंदले गेले होते. तुलना जुन्या आकड्यांशी होती, दोन गट शेजारी ठेवून केलेली नव्हती. तरीही हे पाऊल मोठे आहे आणि आम्ही त्याला मनापासून नमस्कार करतो. स्वतःच्याच रक्तातला गुणकारी भाग यंत्रात वेगळा करून टोचण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

परंतु या नव्या सुईनंतर काय करावे लागते, ते नीट ऐका. आधी तबेल्यातली विश्रांती. मग हाताने धरून काही मिनिटे चालविणे. दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. मग दुडकी चाल. मध्ये मध्ये यंत्राने तपासणी. हा सुमारे ४८ आठवड्यांचा कार्यक्रम आहे. म्हणजे जगातली सर्वांत पुढारलेली सुई घेतली, तरी घोड्याला जवळजवळ वर्षभराची रजा द्यावीच लागते! सुई धागा सुधारते. मुदत माफ करीत नाही. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या शर्यतीतल्या घोड्याला ही रजा मिळू शकते, कारण त्याच्या मालकाच्या घरची चूल त्या घोड्यावर पेटत नाही. बिजलीला ती मिळाली नाही, कारण चाचांची चूल तिच्यावरच पेटत होती.

आता आपण कायद्याकडे येतो, आणि येथे आमच्या धंद्यातली एक नवलाची गोष्ट सांगतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली, आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती दिली. १९६० साली प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याखाली १९६५ साली ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी नियम निघाले. त्यांत काय आहे? दिवसाला एकूण नऊ तासांहून अधिक काम नको. विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक नको! माणसाचे नऊ नि पाच, जनावराचेही नऊ नि पाच. शिवाय एक कलम असे, की जेथे उष्णता ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये. आमच्या वर्ध्याच्या एप्रिल-मे महिन्यांत सकाळीच पारा तेथवर जाऊन पोचतो. १९८४ सालीही हे नियम होते. दुपारच्या गाडीला उभ्या राहिलेल्या टांग्यांच्या रांगेत ते आम्हांला कोणी कधी वाचून दाखविले नाहीत.

पण माणूस आणि घोडा येथवरच बरोबर चालतात. कामगाराला पुढे राज्य विमा योजनेने आजारपणात काही भरपाई दिली, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. अपघातात अपंगत्व आले तर त्याहून अधिक. घोड्याला, आणि घोड्यावर जगणाऱ्या टांगेवाल्याला, एक दिवसाचीही मिळाली नाही. आणि ज्यांना कागदावर मिळाली त्या सगळ्या कामगारांना तरी ती हातात पडली काय?

२००९ सालची एक हकीगत सांगून हा मुद्दा पुरा करतो. आमच्याच जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये आमचा एक हमाल सहकारी रुईच्या गाठी हलवीत असे. त्याची घोडनस दुखू लागली. त्याचे नाव विमा योजनेत घातलेलेच नव्हते. कंत्राटदाराने त्याला स्वतःच्या गाडीतून नेऊन टाचेत सुई देवविली आणि हंगाम आहे म्हणून तिसऱ्या दिवशी कामावर घेतले. महिन्याभरात ओझ्याखाली ती शीर काडी मोडावी तशी तुटली. नुकसानभरपाईच्या दाव्यात कंत्राटदाराचे म्हणणे एकच होते : "औषधाचे पैसे मी दिले." खरे होते ते. औषधाचे पैसे त्याने दिले होते. विश्रांतीचे दिले नव्हते. आम्ही दावा जिंकलो. त्या रात्री घरी आल्यावर आम्हांला पंचवीस वर्षांपूर्वीची बिजली आठवली, आणि तिचा पाय धरणारे आपलेच दोन हात आठवले.

तेव्हापासून हा विषय आमच्या मागे लागला. एवढे वाचून हाती काय आले? डाग, मलम, कॉर्टिझोन, बागेतल्या वेलीचे विष, मूळपेशी. उपाय बदलत गेले, काही टाकाऊ ठरले, काही खरोखर उपयोगी ठरले. पण प्रत्येक युगात शिरेने माणसाकडे एकच गोष्ट मागितली : मुदत. आणि प्रत्येक युगात माणसाने तिला मुदत सोडून बाकी सर्व काही देऊ केले. मुदत फुकट नसते. घोडा उभा असतानाही दाणा खातो, माणूस पडून असतानाही त्याच्या घरात चार तोंडे असतात. तो खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न वैद्याच्या पिशवीत सुटत नाही. तो पागेत सुटतो, पगारपत्रकात सुटतो, नगरपालिकेत आणि विधिमंडळात सुटतो. शिवकालातल्या छावणीत तो दाण्याच्या कोठारात सुटला होता.

वर्धा स्टेशनासमोर आज ऑटोरिक्षा उभ्या असतात. मुंबईतल्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या. तरीही घोडा संपलेला नाही. माथेरानच्या वाटेवर तो आहे, आणि आपल्या गावच्या प्रत्येक लग्नसराईत नवरदेवाखाली तो आहे. म्हणून जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. घोडा भाड्याने आणाल तेव्हा तो पाय जपून टाकतो काय ते पाहा. मालकाला विचारून नळीच्या मागे हाताची पालथी बाजू लावा, आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघा. एक पाय गरम नि फुगीर लागला, तर तो घोडा त्या रात्री वरातीत नेऊ नका. पायाला गार पाणी मारावयास सांगा, शिकलेल्या पशुवैद्याला दाखवावयास सांगा, आणि ठरलेले भाडे मात्र पुरे द्या. भाडे बुडाले, तर घोडा उद्या दुसऱ्या वरातीत सुई घेऊन उभा राहील.

आपल्याकडे येणाऱ्या हमालाच्या, मोलकरणीच्या, रिक्षावाल्याच्या बाबतीतही एवढेच करा, ही विनंती. औषधाला पैसे देणारे पुष्कळ भेटतात. विश्रांतीचे पैसे देणारा भेटला, तर आमच्यासारख्यांना युनियन चालवावी लागणार नाही. आणि त्या दिवशी आम्ही आनंदाने कचेरीला कुलूप लावू.